खालची रिकामी जागा

चित्रात आईचे हात नव्हते. भीमराजने पाण्याचा पेला तोंडाला लावला होता आणि पेल्याच्या काठावरून त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली होती. घोट चुकला, ठसका लागला. सुमनताई आतून म्हणाल्या, "सावकाश, सावकाश." त्याने पेला टीपॉयवर ठेवला आणि पुन्हा पाहिलं. टीव्हीच्या शोकेसच्या वर, छतापर्यंत उरलेल्या जागेत, सोनेरी काठाच्या चौकटीत त्याची आई बसली होती. तेच कपाळ, डोक्यावरचा तोच पदर, मागे वाळूचा ढीग आणि ढिगामागचं दुपारचं पांढरं आभाळ. पण चित्र पोटाशीच संपत होतं. त्याने काढलं तेव्हा त्याखाली मांडी होती, आणि मांडीत तळवे वर करून ठेवलेले दोन हात होते. त्या हातांना बाकी सगळ्या चित्राहून जास्त वेळ लागला होता. आता तिथे चौकट होती, चौकटीखाली शोकेस, आणि शोकेसमध्ये काचेचे हंस.

तो आला होता फाटकावर नाव लिहायला. रविवारची सकाळ होती. निगडीला प्राधिकरणात अर्जुनरावांचा नवा बंगला झाला होता, आजूबाजूचे निम्मे प्लॉट अजून गवताखाली होते, आणि फाटकावर 'कृतार्थ' हे नाव झोकदार अक्षरात हवं होतं. अर्जुनराव कंपनीत पर्सोनेल मॅनेजर. भीमराज त्याच कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, स्प्रे बूथवर. अक्षर चांगलं म्हणून 'धोका', 'धूम्रपान करू नये', 'सुरक्षा प्रथम' ह्या पाट्या त्याच्याकडेच असत. पुण्याच्या चित्रकलेच्या शाळेत त्याने दोन वर्षं काढली होती आणि वडील गेल्यावर ती सोडली होती. हे कंपनीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी वर्धापनदिनाला कँटीनमध्ये कामगारांच्या कलेचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते कळलं. कुणी थर्माकोलचं देऊळ आणलं होतं, कुणी वाया गेलेल्या नट-बोल्टांची आगगाडी. भीमराजने आईचं चित्र आणलं. मांजरपाटाला सरस आणि झिंक व्हाइट लावून त्याने स्वतःच कॅनव्हास केला होता आणि पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्यांवर ताणला होता. अर्जुनरावांबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी सुमनताई त्या चित्रासमोर थांबल्या. अर्जुनरावांनी विचारलं, "विकणार का?" आजूबाजूला सगळा पेंट शॉप उभा होता. आपल्या छातीत त्या क्षणी जे फुगलं त्याला काय म्हणायचं, हे भीमराजला अजून ठरवता आलं नव्हतं. तो हो म्हणाला होता.

"छान दिसतंय ना?" सुमनताई चहा घेऊन आल्या होत्या. गोऱ्या, थकलेल्या चेहऱ्याच्या, बोलताना मान किंचित कलती करणाऱ्या. "फ्रेमवाल्याने अगदी मापात बसवलं बघा. शोकेस आधीच करून घेतलं होतं, जागा तेवढीच उरली. तो म्हणाला, खालून थोडं कापू का? म्हटलं, काप. खाली तसंही रिकामंच होतं."

रिकामंच. भीमराजला वाटलं, आपण आता काहीतरी बोलणार. पण तोंडातून आलं ते, "हो, छान बसलंय." बाहेर व्हरांड्यात अर्जुनराव एका पाहुण्याला बंगला दाखवत होते, ते दोघे आत आले. पाहुण्याने चित्राकडे पाहिलं आणि शोकेसच्या लाकडावर बोटाने टकटक केलं. "सागवान?" "सागवानच," अर्जुनराव म्हणाले. "आणि हे ओरिजिनल आहे हं, छापील नाही. आमच्या कंपनीतलाच मुलगा. हा बघ, हाच." पाहुण्याने भीमराजकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे, आणि मग विचारलं, "कितीला पडलं?" अर्जुनरावांनी सांगितलं. "बरं मिळालं की," पाहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच कौतुक होतं. ते चित्राचं, की अर्जुनरावांचं, की आपलं, हे भीमराजला कळेना.

निघताना अर्जुनरावांनी त्याला फाटकाशी थांबवलं. ओल्या अक्षरांना हात लागणार नाही असे ते जरा लांब उभे राहिले. "सुमनच्या मनात आहे, जेवणाच्या खोलीत पण एक असावं. ह्याच्या जोडीचं. तुझ्या वडिलांचं आहे का एखादं?"

"नाही साहेब."

"मग कर की. आई इकडे, वडील तिकडे. जोडी होईल. आणि हे बघ, जाहिरात विभागात एक जागा निघतेय. चित्रं, पोस्टरं, असलंच काम. तुझ्यासारखा माणूस बूथमध्ये कशाला हवा? मी बोलतो."

हो म्हणायला वेळ लागला नाही. इतका कमी लागला की सायकल मुंबई-पुणे रस्त्याला लागल्यावर भीमराजला त्याचीच भीती वाटू लागली. पिंपळे गुरवपर्यंतचा रस्ता लांब होता आणि ट्रक अंगावरून जात होते. स्वतःच्या आईचे हात कापलेले पाहिले आणि अर्ध्या तासात बापही देऊन आलो, असं त्याच्या मनात आलं. लगेच त्याला हे वाक्य नाटकी वाटलं. कुणी कुणाचे हात कापले नव्हते. मांजरपाटाची एक पट्टी कापली होती. विकत घेतलेली वस्तू माणूस आपल्या जागेप्रमाणे करून घेतो. पायजमा लांब झाला तर आपण दुमडत नाही? पण ह्या दाखल्याने त्याचं समाधान झालं नाही. आणि ते चित्र घरी होतं तेव्हा काय होतं? पत्र्याची एक खोली. एका भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दुसरीला भांड्यांची मांडणी, तिसऱ्या भिंतीत दार आणि खिडकी, चौथीला अंथरुणांची चळत. चित्राला जागाच नव्हती. धूर लागू नये म्हणून ते ट्रंकेमागे, तोंड भिंतीकडे करून उभं असे. महिनोन्‌महिने त्या हातांकडे कुणी पाहिलं नव्हतं, त्यानेसुद्धा. सुमनताई निदान रोज वर बघून अर्धं तरी पाहतात. मग चित्र कुठे जास्त होतं, ट्रंकेमागे सगळं, की शोकेसवर अर्धं? कासारवाडीचं फाटक लागलं होतं. मालगाडी जात होती, डबे संपत नव्हते, आणि तो एक पाय जमिनीला टेकवून त्या प्रश्नाशी उभा होता.

ते चित्र काढलं तेव्हा आई बांधकामावर घमेली वाहायला जायची. करमाळ्याकडून त्याचे वडील, आबा, आधी आले, फाउंड्रीत लागले, मग आई आली. आबा गेल्यावर प्राधिकरणातले बंगले उभे राहायला लागले आणि आईला, सोजरबाईला, वर्षानुवर्षं काम पुरलं. एका दुपारी तो तिचा डबा घेऊन गेला तर ती वाळूच्या ढिगापाशी बसली होती. झोपली नव्हती, जागीही नव्हती. हात मांडीत पडले होते, तळवे वर, जणू ते तिचे नव्हतेच, कुणीतरी सांभाळायला दिले होते. चुन्याने बोटांची टोकं खाल्ली होती, आणि तळव्यांच्या भेगांत सिमेंट इतकं मुरलेलं की रेघा मूळच्याच राखाडी वाटाव्यात. घरी आल्यावर त्याने तिला तसंच बसायला सांगितलं. ती बसली. पण तिचा पदर सारखा हातांवर यायचा आणि तो सारखा बाजूला करायचा. लाजते, असं त्याला वाटलं होतं. बायकांना लाज वाटतेच.

"मग करा ना," त्याची बायको कस्तुरा म्हणाली. त्याने तिला फक्त जोडीच्या चित्राचं आणि जागेचं सांगितलं होतं, हातांचं नाही. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "बूथमधून सुटाल. सकाळी उठून खोकता ते ऐकवत न्हाई मला. आबांचं पन असंच सुरू झालं व्हतं म्हणं."

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणाया पाहिजे?"

सोजरबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण विचारलं, "माझं चित्र कुठं लावलंय रं?"

"हॉलमध्ये. टीव्हीच्या वर."

"टीव्हीच्या वर!" ती हसली. "मला बघायचंय एकडाव."

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुढचे कित्येक दिवस ती हेच विचारत राहिली आणि तो शिफ्ट, ओव्हरटाइम, बसची गर्दी असं काहीबाही सांगत राहिला. तिने ते पाहिलं तर काय होईल, ह्याची त्याला धास्ती होती. सकाळपाळी संपवून तो घरी येई, जेवे, आणि खिडकीपाशी नवा कॅनव्हास टेकवून बसे. आबांचा एकच फोटो होता, कंपनीच्या गेटपासचा, त्यात ते चोरासारखे दिसत. त्याने त्यांना उभं काढायला घेतलं. धोतर, सदरा, टोपी. कोळशाच्या रेघा पटापट उमटल्या, खांदे जमले, मान जमली. मग हात. हात आधी बाजूला लोंबत होते. त्याने ते पुसले आणि पोटाशी घेतले. मग पुसले आणि छातीशी घेतले. तिसऱ्यांदा तो मागे सरकून पाहायला लागला तेव्हा आबा हात जोडून उभे होते. मतं मागायला आल्यासारखे. आबांनी आयुष्यात विहाराबाहेर कुणाला हात जोडलेले त्याला आठवत नव्हते. मग हे कुठून आलं? आणि मग त्याला कळलं. आपण हात वर घेत होतो. खालून कुणी कापलं तरी वाचावेत एवढे वर. चित्राच्या खालच्या भागात त्याने काहीच ठेवलं नव्हतं. धोतराच्या नुसत्या चार रेघा, कात्रीसाठी मोकळी सोडलेली जागा. खाली खरंच रिकामं होतं, आणि ते त्याने स्वतः, कुणी न सांगता, रिकामं ठेवलं होतं.

त्यानंतर ते डोळ्यांतून जाईना. कँटीनमध्ये समोर बसलेली माणसं टेबलापाशी कापलेली दिसत. बसच्या खिडक्यांतून धडांच्या रांगा जात. बूथमध्ये मास्किंग टेप लावताना, जिथे रंग नको ती जागा झाकताना, त्याला वाटे, आपल्या डोक्यातही कुणीतरी अशीच टेप लावून ठेवली आहे. ती कुठून सुरू होते ते बोटाला लागत नाही. पूर्वी चित्र सुरू करताना आपल्याला काय दिसायचं ते आठवायचा तो प्रयत्न करी. काहीतरी दिसायचं एवढं नक्की. आता डोळे मिटले की जेवणाच्या खोलीची भिंत दिसे. ती त्याने पाहिलीही नव्हती, तरी दिसे: हलका पिस्ता रंग, खाली सहा खुर्च्यांचं टेबल, फळांची परडी. आबांच्या सदऱ्याला कुठला रंग द्यावा ह्याचा विचार करताना तो त्या पिस्ता रंगाशी जुळवून पाहत होता. त्याला वाटलं, वेड लागतं ते असं लागत असावं; आरडाओरडा काही नाही, माणूस नुसता भिंतीशी जुळत जातो.

अर्जुनराव एकदा शॉपमध्ये राउंडला आले तेव्हा त्याच्यापाशी थांबले. "काय, कुठवर आलं?"

"चाललंय साहेब."

"तिकडे मी कानावर घातलंय हं." त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. बाजूचा स्प्रे-गनवाला म्हणाला, "भावा, तुझी मजा आहे." भीमराजने नाकावरचा फडका घट्ट केला. थिनरचा वास फडक्यातूनही येत होता.

शेवटी आईने त्याला न सांगता कस्तुराकडून लुगडं इस्त्री करून आणवलं, आणि एका सुटीच्या सकाळी तयार होऊन दारात उभी राहिली. आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. बसमध्ये ती खिडकीशी बसली. आकुर्डी मागे पडल्यावर तिने बाहेर बोट दाखवायला सुरुवात केली: इथे विहीर होती, इथे आमचा मुकादम राहायचा. तो ऐकत नव्हता. तो मनात वाक्यं जुळवत होता. आई, त्यांना माहीत नव्हतं. आई, फ्रेमवाल्याने केलं. आई, जागाच तेवढी होती. बंगल्याच्या फाटकावर त्याची अक्षरं चकाकत होती. सुमनताईंनी दार उघडलं, एकदा सोजरबाईकडे पाहिलं आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई, ह्याच का! या ना, या, बसा." त्यांनी तिला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. आई अगदी कडेला टेकली, पाठ ताठ, दोन्ही हात पदराखाली. तिने वर पाहिलं.

भीमराज तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. ती चित्राकडे फार वेळ पाहत होती. मग ती हसली. लहान मुलीला आरशात नवं झंपर घातलेलं दिसावं तशी.

"लई झ्याक दिसतंय," ती म्हणाली. "काच बी लावलीया."

"हो, धूळ बसते ना," सुमनताई म्हणाल्या.

"व्हय, धूळ बसती." आईने मान हलवली. "वाटत न्हाई मी हाय म्हणून. कुणी मोठ्या घरची बाई वाटती."

सुमनताई हसल्या, आईही हसली. त्या दोघी बराच वेळ बोलल्या. गुडघ्यांबद्दल, पाण्याबद्दल, सुमनताईंच्या दिल्लीला दिलेल्या मुलीबद्दल. दुपारी घरात कुणी नसतं, सुमनताई म्हणाल्या, मग मी इथे पडते आणि चित्रातल्या ह्यांच्याकडे बघत राहते, सोबत वाटते. भीमराजला हे ऐकून राग यायला हवा होता. आला नाही, आणि मग आला नाही ह्याचीच तगमग सुरू झाली. निघताना आईने पुन्हा एकदा वळून चित्राकडे पाहिलं, नातेवाइकाचा निरोप घ्यावा तसं.

निगडीच्या स्टॉपवर बस उभी होती पण सुटायला वेळ होता. दोघं बाकावर बसली. त्याला राहवेना.

"आई, त्यातले हात कापलेत त्यांनी."

"दिसलं मला."

"मग?"

"मग काय? बरं झालं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती समोर शेंगदाणेवाल्याकडे बघत होती.

"तू काढलंस तवाच मला नव्हतं आवडलं," ती म्हणाली. "चुन्यानं खाल्लेलं हात त्ये. मानसापुढं भाकरी खायला बी लाज वाटायची मला. आन तू तेच मोठ्ठं करून काढलंस. मी झाकत व्हते तर पदर वडत व्हतास. म्हटलं, पोराची तंद्री लागलीया, बसावं गप. पर कंपनीत नेऊन मांडलंस सगळ्यांम्होरं, तवा मी दोन दिस जेवले न्हाई. तुला कुठं ठाव हाय."

"बोलायचं नाही का तेव्हा?"

"तू इचारलंस का?"

ती हे रागाने म्हणाली नव्हती. बस सुटतेय असं वाटून ती उठली, आणि परत बसली. भीमराजच्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. इतके दिवस त्याने मनात एक बाजू धरून ठेवली होती: इकडे तो आणि आईचे हात, तिकडे शोकेस. आता आई उठून शोकेसकडे जाऊन बसली होती, आणि हात एकट्या त्याच्याकडे उरले होते. ते त्याने तिला न विचारता घेतले होते, कँटीनमध्ये टांगले होते, येणारा-जाणारा पाहत होता तेव्हा बाजूला उभा राहिला होता. पाहुण्याने शोकेसच्या लाकडावर टकटक केलं होतं. मग त्याने स्वतः काय केलं होतं? आणि तरीही, बस सुटल्यावर पत्र्याला डोकं टेकवून तो विचार करत होता, तरीही ते हात खरे होते. चित्रात दुसरं काही इतकं खरं नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं असेल? आई पेंगत होती. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. पिंपरी येईपर्यंत तो हलला नाही.

हात जोडलेल्या आबांवर त्याने पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि कॅनव्हास काही दिवस तसाच कोरा राहू दिला. कस्तुरा त्या कोऱ्या पांढऱ्याकडे बघे, आणि त्याला खोकला आला की भांडी जोरात ठेवी. मग एका दुपारी त्याने कॅनव्हासच्या अगदी तळाशी, काठाला लागून, एक बूट काढला. फाउंड्रीतला बूट, टाचेशी जळालेला. का काढला ते त्याला सांगता आलं नसतं. आबा पाळीवरून येत तेव्हा उंबऱ्यावर बसत, आणि बूट काढायला वाकत, आणि वाकलेलेच राहत. श्वास परत येईपर्यंत. कधी कधी इतका वेळ की आतून आई हाक मारी. त्याने दुसरा बूट काढला. बुटावर आलेला हात, गुडघे, आणि त्यावर दुमडलेलं सगळं अंग. डोकं वरच्या काठाला जवळजवळ घासत होतं. चित्रात हवेला जागा नव्हती. आणि मग पुन्हा ती धास्ती आली. हे कशासाठी चाललंय? त्यांना कापता येऊ नये म्हणून? मग हेही मापानेच चाललं होतं, नुसतं उलट्या बाजूने; अजूनही तो त्या भिंतीकडेच पाहत होता, फक्त दातओठ खाऊन. त्याने ब्रश खाली ठेवला.

"आई," तो म्हणाला, "इकडे ये जरा."

सोजरबाई आली. पदराला हात पुसत उभी राहिली.

"आबा असे काढले तर चालतील?"

तिने वाकून पाहिलं. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"असाच बसायचा," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दम लागायचा त्येला." आणि मग, "काढ." ती परत चुलीकडे गेली.

त्यानंतरच्या दुपारी त्याला नीट आठवत नाहीत. भिंत, पिस्ता रंग, जाहिरात विभाग, हे सगळं कुठेतरी होतं, पण नदीपलीकडच्या लाउडस्पीकरसारखं, आवाज येतो आणि शब्द लागत नाहीत असं. आबांच्या पाठीच्या रंगासाठी त्याच्याकडे पुरेसा तपकिरी नव्हता, तेव्हा त्याने त्यात विटेची पूड मिसळली. चित्र संपलं तेव्हा त्याला आनंद झाला नाही. नुसती भीती वाटली, घरात आणखी एक माणूस आल्यासारखी.

सुमनताई स्वतःच आल्या. सांगवीला कुणाकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या, म्हटलं जाता जाता बघून जावं, झालं असेल तर घेऊनच जाते. त्यांची गाडी गल्लीत शिरेना, त्या चालत आल्या, केसांत गजरा, हातात वाणाची पिशवी. कस्तुराची धांदल उडाली. भीमराजने चित्र खिडकीपाशी उजेडात वळवलं आणि बाजूला झाला. त्याला वाटलं, आता त्या म्हणतील, खाली जरा जास्तच झालंय. किंवा म्हणतील, छान. दोन्हीपैकी कशाची जास्त भीती वाटते ते त्याला कळत नव्हतं.

सुमनताईंनी मान कलती केली, मग सरळ केली. पिशवी खाली ठेवली. एकदा पुढे झाल्या, बुटावरच्या हातापर्यंत, आणि मागे सरकल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. चित्रातल्या माणसाबरोबर त्याही वाकून राहिल्यासारख्या वाटत होत्या. कस्तुरा चहाचा कप धरून उभी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"भीमराज," त्या शेवटी म्हणाल्या, "ह्याच्यासमोर मला जेवता येणार नाही."

भीमराज चित्राकडे वळला.

"खरंच सांगते. मी हे नेलं तर लावणार कुठे? लावलं तर बसणार कशी तिथे?" त्या जणू माफी मागत होत्या. "ह्यांना काय सांगू ते मला कळत नाही. तुमच्या त्या जागेचं..." त्या थांबल्या. पुन्हा चित्राकडे पाहिलं, खालच्या काठाकडे. "त्या आधीच्या चित्रात पण खाली..." त्यांनी सुरुवात केली, सोजरबाईकडे पाहिलं, आणि वाक्य तिथेच सोडलं. चहा घेतला. कप घेताना आणि देताना त्या कस्तुराशी फार मऊपणे बोलल्या, आणि गेल्या. पिशवी विसरल्या, ती घेऊन कस्तुराला धावावं लागलं.

भीमराज होता तिथेच उभा होता. जागा गेली होती, हे त्याला कळत होतं; पुढे खरंच मुंबईहून कुणी आला आणि त्या खुर्चीवर बसला, आणि अर्जुनराव राउंडला आले की त्याच्या बूथपाशी थांबेनासे झाले. उद्या सकाळपाळी होती, फडका, गन, थिनर. छातीत खवखव होती ती तशीच राहणार होती, आणि तिचं काय करायचं हे चित्राला ठाऊक नव्हतं. पण त्या बाईचं वाक्य त्याच्या अंगात कुठेतरी धरून राहिलं होतं आणि सुटत नव्हतं. सुंदर नाही, बरं मिळालं नाही, मापात बसलं नाही. जेवता येणार नाही. त्याच्या कामाबद्दल कुणी इतकं खरं बोललं नव्हतं, आणि ते बोलणारी बाई ते न घेता निघून गेली होती. ह्याने हलकं वाटावं की भ्यावं? तो भ्यालाच होता. पण हे भय पूर्वीचं नव्हतं.

कस्तुरा परत आली. तिचे डोळे लाल झाले होते. ती त्याच्यावर ओरडेल असं त्याला वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चित्राकडे पाहत म्हणाली, "आता हे ठेवायचं कुठं?"

"बघू."

"ट्रंकेमागं सरकवू?"

"न्हाई," सोजरबाई म्हणाली.

बाहेर उन्हं उतरत होती. कस्तुराने थोडा वेळ वाट पाहिली, मग चूल पेटवली. भाकरी झाल्या, कालवण झालं. खोली एकच होती. जेवायचं तर तिथेच. कस्तुराने ताटं मांडली तेव्हा चित्राकडे पाठ येईल अशी मांडली. भीमराज बसला. घास हातात घेतला आणि त्याच्या लक्षात आलं की तो आईची वाट पाहतोय. सोजरबाई आली, ताटापाशी उभी राहिली, मग वाकून तिने आपलं ताट उचललं, उंबऱ्यावर वाकलेल्या त्या माणसाच्या समोर नेऊन ठेवलं, मांडी घातली, आणि त्याच्याकडे तोंड करून जेवायला लागली.